शवागाराबाहेरच्या बाकावर कसं बसायचं

सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर जो माणूस बसलेला असतो, त्याला धीर द्यायला सगळा गाव येतो. त्याला हवी असतात तीन उत्तरं : आत काय चाललंय, आता पुढं काय होणार, आणि घरी कुणाला कुणी सांगायचं. ती द्यायला मात्र सहसा कुणी नसतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हायवेवरचा अपघात, विहिरीत बुडणं, विजेचा शॉक, आत्महत्या असं काही घडलं की पहिले सहा-आठ तास कुटुंबाजवळ थांबायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे टिपण.

मयताला जाणं आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, मग यात वेगळं काय, असं कुणीही विचारील. मयताला माणूस नात्यानं जातो. नातं आलं की हक्क येतो, हक्काबरोबर सल्ला येतो, आणि थोड्या वेळानं जुनी भांडणंही येतात. स्वयंसेवक कुणाचाच कुणी नसतो, हाच त्याचा उपयोग. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वेन फॉर्टिन यांनी १९८५ मध्ये अशा प्रशिक्षित नागरिकांची व्यवस्था उभी केली. पोलीस किंवा अग्निशमन दलाचा फोन आला की ही माणसं घटनास्थळी जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पद्धत तीन शब्दांत बसवली : पाहा, ऐका, जोडून द्या. समुपदेशन या तिन्हींत नाही. झालेला प्रसंग त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावून ‘मन मोकळं करून घ्यायचं’, हेही नाही. तसं करू नका असंच ही संघटना सांगते. माणूस आपणहून बोलला तर ऐकायचं. खणायचं नाही.

जाताना दोघांनी जावं, आणि त्यातली एक बाई असावी. पिशवीत अर्ध्या लिटरच्या चार पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज बिस्किटाचे दोन पुडे, दोन पेनं, एक वही, दोन छोटे टॉवेल, एक चादर, सॅनिटरी पॅडचं पाकीट, पाचशे रुपयांचे सुटे, आणि पॉवर बँक. पॉवर बँकेला नवी आणि जुनी, दोन्ही प्रकारच्या पिनांची वायर हवी. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण अशा वेळी सगळ्यात आधी संपतो तो फोन. चाळीस कॉल येऊन गेलेले असतात, आणि नेमका मुंबईहून निघालेल्या भावाचा कॉल लागत नाही.

पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. कोण बसलंय, कोण फेऱ्या मारतंय, कोण एकटं भिंतीला टेकलंय. जो मोठ्यानं रडतोय त्याच्याभोवती माणसं असतातच. गप्प असलेल्याजवळ जावं. समोर उभं राहू नका, बाजूला बसा. नाव सांगा, कुठून आला ते सांगा, आणि एवढंच म्हणा : “अक्का, मी हितंच बसते. काय लागलं तर सांगा.” पाणी हातात द्या, पण झाकण उघडून द्या, थरथरत्या हातांनी बाटली उघडत नाही. जखमी माणसाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचा घोटही नको. ऑपरेशनला घ्यायचं ठरलं तर पोटातलं ते पाणी अडचणीचं होतं.

म्हाताऱ्यांना न चुकता विचारावं असा एक प्रश्न आहे : “मामा, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू हायत काय? आज घेतल्यासा काय?” सकाळी बातमी कळल्यावर निघालेला माणूस संध्याकाळी पाचला चक्कर येऊन पडतो, तेव्हा सगळे म्हणतात की धक्का सहन झाला नाही. बऱ्याचदा सकाळची गोळी चुकलेली असते आणि पोटात काही नसतं.

आता कागदांकडं येऊ. सीमाभागातल्या स्वयंसेवकाचं निम्मं काम इथंच आहे.

अनैसर्गिक मृत्यू झाला की कर्नाटकात पोलीस ठाण्यात यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचा अहवाल, नोंदला जातो. रस्त्यावरचा अपघात असेल तर एफआयआर. मग पोलीस पंचांसमोर मृतदेहाचा पंचनामा करतात, नातेवाइकांचा जबाब घेतात, डॉक्टरांना पत्र देतात, त्यानंतर पोस्टमॉर्टेम, आणि शेवटी सही घेऊन मृतदेह ताब्यात. हा क्रम घरच्यांना एकदा सांगितला की निम्मी तगमग कमी होते. ‘आत नुसतं ठेवून घेतलंय’ असं त्यांना वाटत असतं. प्रत्यक्षात पोलिसाचं पत्र आल्याशिवाय डॉक्टर हात लावू शकत नाहीत. अर्धा दिवस जाईल असंच सांगा. “तासाभरात मिळेल” असं बोलून गेलात तर पुढचे पाच तास तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. रात्रीच्या पोस्टमॉर्टेमला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२१ पासून परवानगी दिली आहे, पण जिथं तशी सोय आहे तिथंच. आणि खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असेल तर नेहमीच्या नियमानं सकाळची वाट बघावी लागते.

लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर पंचनाम्याला दंडाधिकारी लागतात. आपल्याकडं म्हणजे तहसीलदार. १ जुलै २०२४ ला सीआरपीसी जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण हा नियम तसाच राहिला. तहसीलदार मीटिंगमध्ये असले की थांबणं आलं. इथं माहेर आणि सासर एकाच आवारात समोरासमोर बसलेलं असतं, आणि उशिराचा अर्थ दोन्हीकडं वेगवेगळा लावला जातो. हा उशीर नियमामुळं आहे, हे दोन्हीकडं एकाच शब्दांत सांगा. दोन स्वयंसेवक असतील तर एकेकानं एकेक बाजू धरावी, आणि इकडचं तिकडं काही नेऊ नये.

जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. कन्नडमध्ये त्याला ‘हेळिके’ म्हणतात. खानापूरच्या पश्चिमेकडची कितीतरी गावं अशी आहेत की बोलण्यातलं कन्नड थोडंफार कळतं, अक्षर मात्र एक वाचता येत नाही. “सही माड्री” म्हटलं की माणूस सही करतो. सही येत नसेल तर ‘हेब्बेट्टु’, म्हणजे अंगठा. त्या जबाबाच्या शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य असतं : ‘साविनल्लि यावुदे संशय इरुवुदिल्ल’. मरणाबद्दल कसलाही संशय नाही. ते खरं असेल तर प्रश्नच नाही. पण आपण यावर सही केली हे माणसाला दहाव्या दिवशी कळत असेल, तर पहिल्या दिवशी आपण कमी पडलो. ‘अनुमान’ हा शब्द तर आणखी फसवा. मराठीत अनुमान म्हणजे अंदाज, कन्नडमध्ये शंका. “अनुमान इदे एनु?” असं कॉन्स्टेबल विचारतो, तेव्हा तो ‘कुणावर संशय आहे का’ हे विचारत असतो. “कसलं अनुमान साहेब, आम्हाला काहीच माहीत नाही,” असं उत्तर आलं की कागदावर ‘संशय नाही’ उतरतं.

म्हणून कन्नड वाचता येणारा एक तरी माणूस तुमच्या गटात हवा. त्याचं काम एवढंच : सहीआधी जबाब मोठ्यानं वाचायचा, ओळीओळीनं मराठीत सांगायचा. काय लिहावं हे सांगायचं नाही, कुठला वकील चांगला हेही नाही. “साहेब, ह्यांना वाचून दाखवतो, दोन मिनिटं द्या,” असं कन्नडमध्ये विनवून म्हटलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. बरेच कॉन्स्टेबल स्वतःच मराठीत सांगतात. सीमाप्रश्नाबद्दल तुमचं मत कितीही पक्कं असो, ते शवागाराच्या दारात काढू नका. तिथं भाषेचा तंटा झाला तर उशीर त्या बाईला होतो.

दोन राज्यांचा आणखी एक गोंधळ आहे. कर्नाटकात, निपाणीजवळच्या तवंदी घाटात अपघात झाला, कोल्हापूरला हलवलं, आणि तिथं मृत्यू झाला. आता पंचनामा कोल्हापुरात मराठीत होतो, तपास निपाणीकडं कन्नडमध्ये. आणि मृत्यूची नोंद? जिथं मृत्यू झाला तिथं. कोल्हापूर शहरातला मृत्यू असेल तर तो कोल्हापूर महापालिकेत नोंदला जातो, गावच्या पंचायतीत नाही. नोंदीची मुदत २१ दिवसांची. घरचे पंधरा दिवस पंचायतीत खेटे घालतात आणि मग कुणीतरी सांगतं. गोव्यात कामाला असलेल्यांचं, तिथं मोठ्या दवाखान्यात नेलेल्यांचंही असंच. पहिल्या दिवशी वहीत फक्त एवढं लिहून द्या : मृत्यू कुठल्या शहरात, कुठल्या दवाखान्यात, किती वाजता, कुठलं पोलीस ठाणं, कुठला नंबर. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा काढलेला असतो हे पुष्कळ घरांना माहीतच नसतं. त्या दाव्याला पुढं हेच कागद लागतात. विम्याचा विषय मात्र त्या दिवशी तोंडातून काढू नका. कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या एका शांत माणसाकडं द्या.

बातमी सांगायचं काम डॉक्टरांचं किंवा पोलिसांचं. स्वयंसेवकानं ते अंगावर घेऊ नये, पण सांगताना शेजारी असावं. आधी खुर्ची, गर्दीपासून जरा बाजूला. मग नाव, गाव आणि नातं विचारून खात्री. मोटारसायकलवर दोघे असले की एकाचा निरोप दुसऱ्याच्या घरी जातो, आणि अशी चूक पुढं कशानंही भरून येत नाही. सांगणाऱ्यानं शब्द साधे वापरावेत : “ते वारले.” ‘आपल्याला सोडून गेले’, ‘प्रयत्न चालू होते पण’, असं लांबण लावलं की ऐकणारा त्यातून आशेचा धागा काढतो. सांगून झाल्यावर गप्प बसा. मनात साठपर्यंत आकडे मोजा, वाटल्यास परत मोजा. तोच प्रश्न पाच-सहा वेळा येईल. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या; शब्द बदलले की काहीतरी वेगळं घडलंय असं वाटतं.

“त्याला लई दुखलं असंल काय?” हा प्रश्न हमखास येतो. “नाही हो, कळलंसुद्धा नाही त्याला,” हे उत्तर जिभेवर तयार असतं. ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून देऊ नका. “डॉक्टरांना विचारूया, मी येतो तुमच्याबरोबर” हे खरं आहे. “मीच गाडीची चावी दिली,” असं बाप म्हणाला तर तिथंही “तसं म्हणू नका” म्हणून त्याला घाईनं गप्प करू नका. त्याला ते बोलू द्या.

आपल्याकडची जुनी रीत म्हणजे फोनवर ‘सीरियस आहे, लगेच या’. चांगल्या मनानंच करतात. पण तो माणूस मग पुण्याहून मोटारसायकल हाणत येतो आणि एकाच्या जागी दोन पंचनामे व्हायची वेळ येते. आधी विचारा : कुठं आहेस, गाडी कोण चालवतंय, सोबत कोण आहे? एकटाच चालवत असेल तर गाडी बाजूला घ्यायला सांगा, जवळच्या माणसाचा नंबर घ्या, तो पोहोचल्यावर खरं सांगा. दुसरी रीत म्हणजे ‘घरात अजून सांगितलेलं नाही’. बायकोला किंवा आईला मृतदेह दारात येईपर्यंत अंधारात ठेवायचं. पूर्वी जमत असेल. आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो दुपारीच पडलेला असतो, आणि ती पोरीच्या फोनवर तो बघते. कुणी सांगायचं हे घरच्यांनी ठरवावं, पण लवकर सांगा, हे त्यांच्या कानावर घालणं आपलं काम.

ओळख पटवायला शक्यतो दोघांनीच आत जावं. जाण्याआधी आत काय दिसेल ते शांतपणे सांगा : स्ट्रेचरवर आहेत, पांढऱ्या कापडात आहेत, डोक्याला मार आहे, अंग गार लागेल. चेहरा बघवणार नाही असा असेल तर हातावरचं गोंदण, अंगठी, शर्ट यांवरून ओळख पटवता येईल का, हे आधी पोलिसाला विचारून घ्या. पायाला हात लावायचा असेल तर लावू द्या. ज्यांना आत जायचं नाही त्यांना ढकलू नका. ज्या आईला बघायचंच आहे तिला ‘तुला सोसणार नाही’ म्हणून अडवूही नका. न बघितलेला चेहरा मन स्वतःच रंगवतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

कुणाची दातखीळ बसते. लगेच कुणीतरी दातांत चमचा घालतो, नाकाला कांदा लावतो, तोंडावर पाणी मारतो. यातलं काहीही नको. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, गर्दी मागं हटवा, शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. श्वास भराभरा चालला असेल तर पाय जमिनीला टेकवायला सांगा आणि तुमच्याबरोबर हळू श्वास सोडायला सांगा. घेण्यापेक्षा सोडणं लांब. छातीत कळ, घाम, एका बाजूची ताकद गेलेली, किंवा फिट थांबतच नाही, असं दिसलं तर त्याला धक्का समजून बसू नका. दवाखान्यात असाल तर अपघात विभागात न्या, बाहेर असाल तर १०८.

आणखी एक समज : नवरा गेलेली बाई रडली नाही तर डोक्यावर परिणाम होतो, म्हणून तिला ‘रडवायचं’. हलवायचं, थोबाडीत मारायची, मृतदेहावर ढकलायची. हे थांबवायला हवं, आणि इथं मी ‘घरच्यांनी ठरवावं’ असं म्हणणार नाही. न रडणं हाही धक्क्याचाच एक प्रकार. ती आपल्या वेळेला रडेल किंवा रडणार नाही. ज्या बायका आक्रोश करून, एकेक आठवण काढून रडतात त्यांनाही थांबवू नका; ती आपली जुनी, कामाची रीत आहे. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हा प्रश्न अवघड. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हापासून विषय निदान बोलता येतो. त्या दिवशी व्याख्यान देऊ नका. गटातल्या बाईनं तिच्या कानात विचारावं, “तुम्हाला काय पाहिजे अक्का?” आणि ती जे म्हणेल ते तिच्या भावाच्या कानावर घालावं.

आत्महत्येच्या घरी ‘का केलं’ हा प्रश्न तुमच्याकडून येता कामा नये. चिठ्ठी सापडली तर ती पोलिसांची. फोटो काढू नका, कुणाला काढू देऊ नका. उरलेलं कीटकनाशक घरात कुठं आहे हे पोलिसांना दाखवा आणि घरच्यांपैकी कुणीही एकटं राहणार नाही असं बघा. कुणाबद्दल शंका आली तर सरळ विचारा : “जीव द्यावा असं मनात येतंय काय?” विचारल्यानं विचार रुजत नाही, उलट दार उघडतं. होय म्हटलं तर त्याला सोडून हलू नका, डॉक्टरांकडं न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. मराठी आणि कन्नड, दोन्हीत बोलता येतं.

मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ सांगू नका, ‘झोपलेत’ तर अजिबात नाही. लहान पोरं मग झोपायला भितात. “बाबांचं शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाहीत” असं जवळच्या माणसानं मांडीवर घेऊन सांगावं. चौदा वर्षांच्या पोराला ‘आता तूच घरचा कर्ता’ असं जो कुणी म्हणेल त्याला चहा आणायला पाठवा.

पुढची माती कशी होणार हे आधीच विचारून ठेवा, कारण उशिराचा त्रास सगळ्यांना सारखा नसतो. मुसलमान घरात दफन लवकरात लवकर व्हायचं असतं. लिंगायतांत बसवून पुरतात, शरीर ताठलं की ते अवघड होतं, म्हणून घरचे घाई करतात. हे पोलिसाला किंवा डॉक्टरांना नम्रपणे सांगितलं तर निदान वेळ तरी नेमकी कळते.

पुराचं गणित थोडं निराळं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, तेव्हा शाळांमधल्या निवारा केंद्रांत माणसं सुरक्षित होती, पण घरच्यांचा पत्ता नव्हता. अशा ठिकाणी भिंतीवर नावांची यादी मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत लावणं हे दहा समुपदेशकांच्या बरोबरीचं काम. म्हशी दावणीला बांधलेल्याच राहिल्या म्हणून रडणाऱ्याला ‘माणसं वाचली ना’ म्हणू नका.

एका स्वयंसेवकाची पाळी चार तासांची, त्यावर नाही; सहा-आठ तास गटानं पाळ्या बदलून भरायचे. ज्याच्या स्वतःच्या घरात वर्षभरात असं काही झालंय त्यानं फोनवरची कामं घ्यावीत. स्टेटस नाही, फोटो नाही. यूट्यूबवाल्यांचा कॅमेरा आला तर घरच्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये पाठ करून उभं राहा. निघाल्यावर जोडीदाराबरोबर पंधरा मिनिटं चहा घ्या, काय केलं आणि काय राहिलं एवढंच बोला. त्या रात्री झोप लागली नाही तर चालतं. आठवडाभर लागली नाही तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

आणि निघताना गुपचूप सटकायचं नाही. “मी आता निघतो” असं सांगायचं, आणि वहीतलं एक पान फाडून द्यायचं. मोठ्या अक्षरात : पोलीस ठाणं आणि नंबर, तपास करणाऱ्या साहेबांचं नाव, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कुठं मिळेल, मृत्यूची नोंद कुठं होईल, आशाताईचा फोन, गटाचा एक फोन. पान दोन प्रतींत, एक मराठीत, एक कन्नडमध्ये, कारण ते पुढं तालुक्याच्या कचेरीतही दाखवावं लागतं. तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, एकानं घरी जाऊन यावं. ते पान बहुतेक वेळा देवाच्या फोटोमागं खोचलेलं असतं.